सतरा नंबरच्या माश्या

मी सतरा नंबरची बाटली बोलतेय. बाटली म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका, मी त्या घराण्यातली नाही. जाड काच, रुंद तोंड, अर्धा लिटर दूध मावेल एवढं पोट. दुधासाठीच मला घडवलं होतं म्हणे. पण दुधाचा एक थेंबसुद्धा मी आयुष्यात पाहिला नाही. कारखान्यातून निघाले ती थेट विद्यापीठात आले, आणि माझ्या पोटात भरल्या माश्या.

केळं जरा जास्त पिकलं की त्याच्याभोवती ज्या चिमुकल्या माश्या घोंगावतात ना, त्याच. तुम्ही त्यांना हाताने हाकलता. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे, तिचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवतात आणि माणसं चपला बाहेर काढून आत येतात. आनुवंशिकी शिकवायला या माश्या फार सोयीच्या. दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार. माणसांचं शिकवायचं तर शिकवणाऱ्या बाईंना प्रत्येक प्रयोगाला पंचवीस वर्षं थांबावं लागलं असतं.

आमच्या या खोलीला सगळे माशीघर म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. लोखंडी मांडण्यांवर आम्ही चाळीस बाटल्या. प्रत्येकीच्या तळाशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून ओतलेला घट्ट थर, आणि तोंडात कापसाचा बोळा. हे खाद्य शिजवतात आमचे काका. प्रयोगशाळेतले मदतनीस. त्यांच्या हाताला चव आहे असं माश्यांचं मत असावं, कारण त्या फार भराभर वाढतात.

आणि या घराच्या मालकीण म्हणजे मॅडम. आनुवंशिकीच्या प्राध्यापक. विद्यार्थी त्यांना मागून ‘आठ तास’ म्हणतात. का ते सांगते.

नर आणि मादी निवडून एका बाटलीत सोडायचे, तर ती मादी कोरी हवी. म्हणजे तिचं आधी कुणाशी जमलेलं नको. माशी कोशातून बाहेर पडली की साधारण आठ तास ती असल्या भानगडीत पडत नाही. तेवढ्यात तिला उचलून वेगळी काढायची. आठ तास उलटले की तिचा भरवसा नाही. आणि एकदा तिचं जमलं की मग तुम्ही कितीही देखणा नर आणून पुढ्यात ठेवा, ती पुढचे काही दिवस ढुंकून बघत नाही. अंडी घालते ती पहिल्याचीच. प्रयोग तुमचा, संसार तिचा.

म्हणून मॅडम प्रत्येक तासाला एकदा तरी म्हणायच्याच, “आठ तास! नऊ नाही, साडेआठ नाही!” एकोणीस वर्षं मी हे वाक्य ऐकलंय. मला तरी आता झोपेतसुद्धा म्हणता येईल.

मॅडमच्या शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांचं एकमत कधीच झालं नाही. सत्राच्या शेवटी अभिप्रायाचे कागद भरून घेतात, नाव न लिहिता. मॅडम ते माशीघरात बसून वाचायच्या, कारण तिथे कुणी त्यांचा चेहरा पाहत नाही असा त्यांचा समज होता. आम्ही चाळीस जणी पाहत होतो.

एकाने लिहिलं होतं, ‘मॅडमनी शिकवल्यावर पहिल्यांदा कळलं की माझे कान माझ्या आजोबांसारखे का आहेत. घरी जाऊन आजोबांचे कान पाहत बसलो.’ दुसरीने लिहिलं होतं, ‘मॅडम प्रश्न विचारतात तेव्हा मला माझं नावसुद्धा आठवत नाही.’ तिसरा म्हणे, ‘आनुवंशिकी आवडू लागली. मॅडम नाही.’ आणि एका वर्षी कुणीतरी चार पानं भरून फक्त त्यांच्या फळ्यावरच्या अक्षराबद्दल लिहिलं होतं. त्याचं अक्षर मात्र सुरेख होतं.

मॅडम चांगलं लिहिलेले कागद उजवीकडे ठेवत आणि वाईट डावीकडे. दोन्ही ढिगांची उंची पाहून म्हणत, “निम्मे-निम्मे.” मग उठून कामाला लागत. मनाला लावून घेत नसत असं मी म्हणणार नाही. डावा ढीग त्या दोनदा वाचत.

जुने विद्यार्थीही येत. एकजण मोठा शास्त्रज्ञ झाला, आला की मॅडमच्या पाया पडायला वाकतो. एक बाई बोळातून जाताना माशीघराचं दार दिसलं की पलीकडच्या भिंतीला चिकटून जाते. ती आता दुसऱ्या विभागात शिकवते. दोघांनाही मॅडमनीच शिकवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मॅडमची एक परीक्षा होती, जिच्यामुळे त्या एवढ्या गाजल्या.

काही माश्यांचे पंख वरच्या बाजूला वळलेले असतात. त्यांना आमच्याकडे नुसतं ‘वाकड्या’ म्हणतात, बाकीच्यांना ‘सरळ’. वाकडा नर आणि वाकडी मादी एकत्र ठेवली की पुस्तकी हिशेबाने तीन वाकडी आणि एक सरळ अशी पिल्लं यायला हवीत. येत नाहीत. दोनास एक येतात. कारण ज्या अंड्याला आई आणि बाप दोघांकडून वाकडेपण मिळतं, ते अंडं जगतच नाही. हे मॅडम आधी सांगत नसत. नुसत्या बाटल्या हातात देत आणि म्हणत, “मोजा.”

पहिल्या वर्षी तीस मुलांनी मोजलं. त्यातल्या चोवीस जणांनी पुस्तकात पाहून तीनास एक लिहिलं. माश्यांनी काय सांगितलं ते कुणाच्या कानावर गेलंच नाही. मॅडमनी चोवीस कागदांवर लाल शाईने एकच शेरा मारला, ‘आकडे रचलेले.’

तेव्हापासून तो शेरा म्हणजे आमच्याकडची फाशी. ज्याच्या कागदावर तो पडला त्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. वर्ष जातं. त्या पहिल्या चोवीस जणांना विभागाने एकदा माफ केलं, पुढच्यांना नाही.

मग गंमत झाली. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना फोडून सांगितलं, “दोनास एक लिही, डोळे मिटून.” मुलं बाटली न उघडता दोनास एक लिहू लागली. मॅडमना हे कळायला दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी त्यांनी डाव बदलला. काही बाटल्यांत वाकडी मादी आणि सरळ नर सोडले. तिथे निम्मे-निम्मे येतात. कोणत्या बाटलीत काय, ते फक्त मॅडमच्या निळ्या डायरीत. ज्याच्या बाटलीत निम्मे-निम्मे यायचे आणि ज्याने दोनास एक लिहिले, तो अलगद सापडला. लाल शाई.

पद्धत चोख होती. मलाही कौतुक वाटायचं. मॅडम म्हणायच्या, “मी अविश्वास दाखवत नाही. मी मोजते.”

आता यंदाचं सांगते.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एकोणचाळीस बाटल्या लावून तयार होत्या. राहिले मी एकटी. माझ्यातलं खाद्य नीट घट्ट झालं नव्हतं, काकांनी ते काढून नव्याने शिजवून ओतलं होतं. माझ्यात वाकड्या माद्या आणि सरळ नर सोडायचे होते, म्हणजे निम्मे-निम्मेचा डाव. सकाळी सात वाजता मॅडमनी वाकड्यांच्या बाटलीतल्या सगळ्या माश्या झटकून काढल्या. रीत अशी की त्यानंतर दुपारी एक वाजता यायचं आणि त्या सहा तासांत नव्याने निघालेल्या माद्या उचलायच्या. कोऱ्या करकरीत.

नऊ वाजता त्यांचा फोन वाजला. शेजारीण होती. मॅडमची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. मॅडमनी एप्रनसुद्धा काढला नाही, तशाच गेल्या.

परत आल्या तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. एप्रनवर कॉफीचा डाग होता. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं टेबलावर ठेवलं, ते उलगडलं, तर आत आईच्या कानातल्या कुड्या. दवाखान्यात काढून दिल्या असणार. मॅडम थोडा वेळ त्या कुड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. मग वाकड्यांची बाटली घेतली, माद्या निवडल्या, पाच. सरळ नर पाच. माझ्यात सोडले, कापूस लावला.

सकाळी सातपासून संध्याकाळी सहा. बोटांवर मोजा. अकरा तास झाले होते.

मॅडमना हे कळत नव्हतं असं नाही, ते आठ तासांचं वाक्य त्यांचंच होतं. पण त्या क्षणी त्या मनाने इथे नव्हत्या. डायरी उघडली, ‘सतरा, माद्या गोळा केल्याची वेळ’ या रकान्यात लिहिलं: एक वाजता. दर वेळी तेच लिहितात. हात सवयीने गेला की कंटाळून मुद्दाम तसं लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. मी बाटली आहे. आतलं मला दिसतं, पण ते माश्यांचं, माणसांचं नाही.

त्या पाचही माद्यांची लग्नं झालेली होती. त्यांच्याच वाकड्या भावांशी, म्हणजे माझ्यात आता दोनास एकच निघणार होते. माश्यांमध्ये चालतं.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आले तिला वर्गात ‘पुटपुट’ म्हणत. माश्या मोजताना तिचे ओठ हलायचे. ईथरचा बोळा ठेवून माश्या निपचित करायच्या, पांढऱ्या फरशीवर ओतायच्या आणि रंगकामाच्या बारीक कुंचल्याने वाकड्या इकडे, सरळ तिकडे करायच्या, अशी मोजणी असते. बाकीची मुलं अर्ध्या तासात आटपून चहाला जायची. पुटपुट एकेका माशीला कुंचल्याने हळूच उलटं करून पाहायची. एखाद्या पंखाबद्दल शंका आली तर ती माशी बाजूला ठेवायची, शेवटी पुन्हा बघायची. एकदा एक माशी मध्येच शुद्धीवर येऊन उडाली तर हिने वहीत टीप लिहिली, ‘एक उडाली, वाकडी वाटली, धरलेली नाही.’

माझ्या शेजारच्या अठरा नंबरच्या बाटलीचा धनी होता एक मुलगा, त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत. चालणं तसं, बोलणं तसं. त्याने अठराचा कापूस एकदाही काढला नाही. अठरा बिचारी वाट पाहत होती. त्याने बाटली उजेडाकडे धरून एकदा पाहिली, म्हणाला, “दिसतंय ना दोनास एक,” आणि वहीत लिहून मोकळा. अठरामध्ये खरोखरच दोनास एकचा डाव होता. साहेबाला दहापैकी नऊ मिळाले.

पुटपुटने पाच दिवस मोजलं. एकशे अठरा वाकड्या, एकसष्ट सरळ. उडालेली एक वेगळी.

सोळाव्या दिवशी मॅडम सगळ्यांचे कागद आणि आम्हा बाटल्यांचे ट्रे घेऊन वर्गासमोर बसल्या. पुटपुटचा कागद आला तेव्हा त्यांनी डायरी पाहिली, मग कागद, मग पुटपुट.

“किती दिवस मोजलंस?”

“पाच, मॅडम.”

“एकशे अठरा आणि एकसष्ट. सुंदर आकडे आहेत. वरच्या वर्गातल्या कुणी दिले?”

“कुणी नाही. मी मोजले.”

“अगं, सतरा नंबरमध्ये निम्मे-निम्मे यायला हवेत. का नाही आले?”

“ते मला माहीत नाही, मॅडम,” पुटपुट म्हणाली. “आले नाहीत एवढं माहीत आहे.”

वर्गात कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. लाल पेन उघडलं. मला ओरडावंसं वाटलं. अहो बाई, अकरा तास! पण आमच्यात ती सोय नाही. तीन अक्षरांचा एक शब्द आणि चार अक्षरांचा दुसरा, पाच सेकंदांत झालं.

दुपारी पुटपुट बेसिनपाशी उभी होती. नळ सोडला होता, हात मात्र धूत नव्हती. काका माझ्या शेजारच्या मांडणीवर फडकं मारत होते. म्हणाले, “रडू नको पोरी. पुढच्या वर्षी दे परीक्षा.”

“काका, मला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळालीये,” ती म्हणाली. “पास झाल्याचा कागद दाखवला की रुजू व्हायचं. तिथे काम काय आहे माहितीये? शंभर बिया पेरायच्या आणि किती रुजल्या ते मोजायचं. दिवसभर, नुसतं मोजायचं. मला फार आवडलं होतं ते काम. आता हा शेरा बघून मला कोण मोजायला बसवणार?”

काकांनी फडकं थांबवलं. माझ्याकडे वाकून पाहिलं. “यात अजून निघतायत की,” ते म्हणाले. “काचेला बघ किती कोश चिकटलेत. परवापर्यंत निघतील.”

पुटपुटने नळ बंद केला.

परवा म्हणजे अठरावा दिवस. त्या दिवशी सगळ्या बाटल्या वाफेच्या पिंपात जातात. त्यानंतर मोजण्यात अर्थ नसतो, कारण नातवंडं निघू लागतात आणि कोण मूल, कोण नातू ते कळत नाही. पिंपात गेलं की माश्या, कोश, खाद्य, सगळं उकळून बाहेर. मला त्याचं काही वाटत नाही, दर महिन्याला होतं. पण या वेळी पोटात जे होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी वर्ष होतं.

अठराव्या दिवशी सकाळी पुटपुट मॅडमपुढे उभी राहिली. “मॅडम, सतरा नंबरमध्ये नव्या माश्या निघाल्यात. मी त्यांना हात लावलेला नाही. तुम्ही मोजा. मी बाहेर थांबते. निम्मे-निम्मे निघाले तर मी स्वतः अर्ज देते की मी खोटं लिहिलं.”

“माझ्याकडे निळी डायरी आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला पुन्हा मोजायची गरज नाही. काका, बाटल्या न्या.”

“हो मॅडम,” म्हणत काकांनी ट्रे उचलला.

पुटपुट गेली. काकांनी एकोणचाळीस बाटल्या नेल्या आणि मला मॅडमच्या टेबलावर, अभिप्रायाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवलं. “पिंपात जागा नाही राहिली,” ते म्हणाले. पिंपात अजून सहा बाटल्या मावल्या असत्या.

मॅडमना कागद वाचायचे होते, म्हणून त्यांनी मला उचलून बाजूला केलं. उजवा ढीग, डावा ढीग. ‘मॅडमची पद्धत अत्यंत पारदर्शक आहे.’ हे अक्षर साहेबाचं, मी ओळखते. ते उजवीकडे गेलं. ‘मॅडममुळे मला रात्री माश्यांची स्वप्नं पडतात, पण परीक्षेत उत्तर बरोबर येतं.’ हा कागद कुठे ठेवायचा त्यांना कळेना, मधेच ठेवला.

मग एक कागद आला. दोनच ओळी. ‘मॅडम आम्ही मोजलेलं तपासतात. स्वतः केलेलं तपासताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.’

मॅडमनी तो डावीकडे ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग उठून ईथरची बाटली घेतली.

चौऱ्याहत्तर माश्या निघाल्या. पन्नास वाकड्या, चोवीस सरळ. मॅडमनी पुन्हा मोजल्या. पन्नास, चोवीस. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचेही ओठ हलत होते. माश्या काही ऐकेनात.

“काका!” त्यांनी हाक मारली. “सतरा नंबर मी कधी लावली?”

“डायरीत असेल की.”

“डायरीत एक वाजता लिहिलंय.”

“एकला तुम्ही दवाखान्यात होता, मॅडम,” काका हात पुसत म्हणाले. “आईंना घेऊन. माशीघराची किल्ली तुम्ही मला दिलीत तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. माझी बस चुकली त्या दिवशी.”

“मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मॅडम खाली बसल्या. निळी डायरी उघडली. ‘एक वाजता’ हे त्यांचंच अक्षर, फळ्यावरच्यापेक्षा बरंच बरं. मग लाल पेन काढलं आणि त्या ओळीशेजारी लिहिलं, ‘आकडे रचलेले.’ मी एकोणीस वर्षांत मॅडमना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडल्या असं नाही म्हणता येणार, चष्मा मात्र दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडम मला आणि डायरीला घेऊन गेल्या. सगळं सांगितलं. सात वाजता, नऊ वाजता, सहा वाजता. आईचं सांगितलं, पण ते कारण म्हणून नाही. म्हणाल्या, “आई पडली म्हणून मी उशिरा आले. उशीर झाला म्हणून बाटली फेकायला हवी होती. ती मी फेकली नाही, वर वेळ खोटी लिहिली. सतरा नंबरचे आकडे बरोबर होते. चूक माझी होती आणि शेरा मी हिच्या कागदावर मारला.” पुटपुटच्या कागदावरचा शेरा त्यांनी खोडला, खाली सही केली, तारीख घातली. “अगं, मला माफ कर,” म्हणाल्या.

भावनेच्या भरात साहेब उभा राहिला. “मॅडम, मी अठरा नंबर उघडलीच नव्हती.”

“ठाऊक आहे,” मॅडम म्हणाल्या. “काकांनी सांगितलं. नवीन बाटली देते. आजपासून मोज.” साहेब बसला. भावनेच्या भरात पुन्हा कधी उभा राहणार नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मला वाटलं, संपलं. माणसं अशा वेळी टाळ्या वाजवतात. एकदोघांनी हात वरही केले होते. पण पुटपुट अजून उभीच होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “आधीच्यांचं काय?”

“कोण आधीचे?”

“ज्यांच्या कागदावर तुम्ही हा शेरा मारलात. मागच्या वर्षांतले. त्यातही कुणी मोजलं असेल ना?”

मॅडमनी दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. “काका, त्यांच्या बाटल्या?”

“धुतल्या की, मॅडम,” काका म्हणाले. “दर वेळी धुतो.”

डाव बदलल्यापासून एकूण अकरा जणांना तो शेरा मिळाला होता. मॅडमनी त्या संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढली आणि अकराही नावं काढली. कचेरीतून पत्ते मिळवले. ईमेलवर माफी मागणं त्यांना पटेना, म्हणून अकरा पत्रं हाताने लिहिली. पत्रात एवढंच होतं: माझ्या हातून यंदा अशी चूक झाली. पूर्वीही झाली असू शकते, आता ती मला तपासता येत नाही. तुम्ही मोजलं होतं का?

सहा उत्तरं आली. तीही, काय सांगू, मॅडमच्या अभिप्रायांसारखीच. एकाने कबूल केलं, ‘नव्हतं मोजलं, मॅडम. तुम्ही बरोबर होतात. ते वर्ष गेलं तेच बरं झालं, त्यानंतर कधी थाप मारली नाही.’ एकीने लिहिलं, ‘आता मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.’ एकाने मॅडमना लग्नाला बोलावलं. एकाचं पत्र त्याच्या वडिलांनी उघडलं होतं. त्यांनी लिहिलं की मुलाने तेव्हाच शिक्षण सोडलं, आता दुकान चांगलं चालतं, पत्र त्याला द्यावं की नाही ते कळवा. पाचवीने एक संधी मागितली, परीक्षेची नाही. मॅडमच्या विभागात शिकवायची.

सहावं उत्तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर होतं. पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलं, नऊ वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. वर नाव नाही, खाली सही नाही. मधे तीन शब्द: ‘मी मोजलं होतं.’

मॅडमनी तो कागद माशीघरात, याच टेबलावर वाचला. माझ्याशेजारी ठेवला. काकांना विचारलं, “खरं असेल का हो?”

“आता कसं सांगायचं?” काका म्हणाले.

मला सांगता आलं असतं. त्या वर्षीही मी त्याच्याकडे होते. उंच मुलगा, हात थरथरायचे, म्हणून कुंचला दोन्ही हातांनी धरायचा. तीनदा मोजलं होतं त्याने. त्याच्यासाठी मला लावलं त्या दिवशी मॅडमना ताप होता. घड्याळ मी पाहिलं नाही, पण माद्या पाहिल्या, त्या कोऱ्या नव्हत्या. तो खरं बोलतोय. त्याचं वर्ष माझ्या पोटातून निघून पिंपात गेलं आणि मी लख्ख धुऊन परत मांडणीवर आले. माझ्या काचेला काही चिकटून राहत नाही, हाच माझा गुण सांगतात.

एकोणीस वर्षांत मॅडमनी न मोजता कुणाचं काही मान्य केलं नव्हतं. पेन हातात होतं, निळं. कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘मला मान्य आहे.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. पाकीट चिकटवलं आणि स्वतः जिने उतरून टाकायला गेल्या. काका म्हणत होते, मी टाकतो, पण त्यांनी दिलं नाही.

माझं म्हणाल तर मी अजून मांडणीवर आहे. तोंडाची कड थोडी टवकली आहे, काका म्हणतात आणखी दोन वर्षं चालेल. पुटपुट रुजू झाली, बिया मोजते. माझ्यात परवा नव्या माश्या सोडल्या. मॅडमनी वेळ लिहिली आणि काकांना तिच्याखाली सही करायला लावली. तुमच्याकडे कधी कुणी आकडे घेऊन आलं आणि ते तुमच्या डायरीशी जुळले नाहीत, तर एक विनंती आहे. बाटल्या लगेच धुऊ नका. धुतल्यावर आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो.